निघायचा दिवस

मी फलटणच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवते. घरात मला कॅल्क्युलेटरबाई म्हणतात. ही पदवी माझ्या नवऱ्यानं दिली आहे आणि ती चुकीची आहे असं मला म्हणता येत नाही. खोलीला रंग किती लागेल, टाकीत पाणी किती बसेल, पंचवीस माणसांच्या पुलावाला तांदूळ किती घ्यायचा, उंचीच्या मानानं वजन जास्त आहे का (आहे), अशा प्रत्येक प्रश्नाला इंटरनेटवर एक छोटीशी चौकट असते. आकडे टाका, बटण दाबा, उत्तर हजर. माणसांना विचारलं की ती आधी तोंड वाकडं करतात, मग सल्ला देतात. चौकट तसलं काही करत नाही, म्हणून मला ती आवडते.

आबांच्या नोकरीचं खूळही असल्याच एका चौकटीतून निघालं. आबा म्हणजे माझे वडील, लालासाहेब. फौजेतून नायब सुभेदार होऊन निवृत्त झाले, त्याला सोळा वर्षं झाली. पलूसजवळच्या गावात आमचा ऊस आहे, दोन म्हशी आहेत आणि आई आहे. पहिली दहा-बारा वर्षं आबा शेतात रमले. मग गुडघ्यानं त्रास द्यायला सुरुवात केली, ऊस वाट्यानं गेला आणि आबा ओट्यावर बसू लागले. फोन केला की म्हणायचे, "संयू, गंज चढला गं अंगाला."

गंज म्हटल्यावर मी गप्प बसते होय? मी त्यांचं उठणं, बसणं, चालणं, झोपणं सगळं विचारून एका चौकटीत भरलं. उत्तर आलं, माणूस दिवसाला अकरा तास नुसता बसलेला असतो. मला धसकाच बसला. त्याच आठवड्यात कळलं की लोणंदच्या एका कारखान्याला सुरक्षा सुपरवायझर हवा आहे आणि माजी सैनिकच हवा आहे. राहायला खोली, महिन्याला चार दिवस सुट्टी, करार तीन वर्षांचा. किर्लोस्करवाडीला रेल्वेत बसलं की थेट लोणंद, आणि तिथून मी अर्ध्या तासावर. मी शब्द टाकला, काम झालं. आबांचा आवाज फोनवर एकदम तरणाताठा झाला.

"आई काय म्हणाली?" मी विचारलं.

"काय म्हननार? बरं म्हनली."

आईचं 'बरं' काय असतं हे मला चाळिशीला टेकल्यावर तरी कळायला हवं होतं. पण त्याची कुठं चौकट नाही, आणि मी स्वतःवर खूश होते.

बावीस मार्चला, रविवारी, आबा निघणार होते. गाडी संध्याकाळी साडेपाचची. त्यांना निरोप द्यायला मी सकाळीच माहेरी पोचले. पुढच्या सोप्यात बॅग भरून तयार होती, बूट पॉलिश करून उंबऱ्याशी ठेवले होते. पॉलिशचा तो वास नाकात गेला आणि मी क्षणभर सात वर्षांची झाले. आई आत चुलीपुढं भाकरी थापत होती. आबा पेपर वाचत होते, म्हणजे पेपर तोंडापुढं धरून बसले होते.

तेवढ्यात माझ्या भावाचा, वीरधवलचा, पुण्याहून फोन. अकरा मेला आईआबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत, मोठा कार्यक्रम करायचा, फ्लेक्सवर काय लिहायचं ते मी सांगायचं. आबांची जन्मतारीख एक जून आहे, त्यांच्या वयाच्या अर्ध्या गावाची तीच आहे, कारण शाळेत घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली. लग्नाची तारीख मात्र पत्रिकेवर छापलेली, पक्की. मी ती लगेच दिवस मोजायच्या चौकटीत टाकली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओरडले, "आई, चाळीस वर्षं म्हणजे चौदा हजार सहाशे दहा दिवस! असंच लिहू या. चौदा हजार सहाशे दहा दिवसांचा संसार!"

आईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "कुनाचा?"

"कुणाचा म्हणजे? तुमचा."

"चाळीस कुठली गं? पंचवीस तरी झाली का, त्ये बघ की तुज्या त्या मोबाईलात."

मला वाटलं, थट्टा करतेय. तिनं भाकरी उलटली, ती फुगेपर्यंत थांबली, टोपल्यात ठेवली, आणि हात पुसत माळ्याकडं बोट केलं. "त्ये बोचकं काढ. मला आता चढवत न्हाई."

ते बोचकं मला माहीत होतं. एकोणीसच्या महापुरात कृष्णेचं पाणी अंगणात आलं, तेव्हा आईनं आधी म्हशी सोडल्या आणि मग हे बोचकं डोक्यावर घेतलं. आबा तेव्हा करवादले होते की रद्दी काय वाचवतीयास. आत भिंतीवरची जुनी कॅलेंडरं होती, शहाऐंशी सालापासून दहापर्यंतची, वर्षावर्षाची सुतळीनं बांधलेली. मी एक पान उलगडलं. कुठं खूण नाही, रेघ नाही, अक्षर नाही.

"आसं न्हवं," आई म्हणाली. तिनं ते पान माझ्या हातातून घेतलं आणि खिडकीच्या उजेडावर धरलं.

तारखांच्या कोपऱ्यात बारीक बारीक भोकं होती, टाचणीनं पाडलेली. एरवी दिसली नसती. उजेडावर धरल्यावर प्रत्येक भोकातून ऊन आलं. नऊ तारखेपासून पुढं महिनाभर, पान भरून, ओळीनं.

"ह्ये घरात हुते ते दिवस," आई म्हणाली. "पेनानं खून केली आस्ती तर समद्यांनी बघितली आस्ती. नवऱ्याचं दिवस मोजतीया म्हनून तुज्या आत्त्यांनी माजी पाठ सोडली नसती. टाचनीचं कोन बघतंय?"

मी या घरात जन्मले, या कॅलेंडरांवर माझ्या परीक्षांच्या तारखा बघितल्या, आणि मला एकदाही दिसलं नाही. सोप्यातला पेपर खाली आला होता. आबा आमच्याकडं बघत होते.

"ह्ये कवापासनं?" त्यांनी विचारलं.

"लगीन झाल्यापासनं," आई म्हणाली. "तुमी पंचवीस दिवसांनी गेला. तवा समजंना झालं, की तुमी आलता का मला आसंच वाटलं. म्हनून भोकं पाडली."

मग जेवणं तशीच राहिली. मी वही घेतली, मोबाईल घेतला आणि खिडकीखाली बसले. आई पान उजेडावर धरून आबा आल्याची तारीख आणि गेल्याची तारीख सांगायची, मी चौकटीत टाकायची, उत्तर वहीत लिहायची. आबा लांबच बसले होते, पण अधूनमधून त्यांच्याकडून माहिती यायची. "त्या वक्ताला बर्फात अडकलो हुतो." "त्या साली कारगिलमुळं रजा कॅन्सल झाली." आईला ते सांगावं लागत नव्हतं. नव्याण्णवच्या कॅलेंडरवर मे महिन्यानंतर पानंच्या पानं कोरी होती. मी ती एकामागोमाग एक उजेडावर धरली. कुठूनच ऊन येईना, आणि मला भडभडून आलं.

तिसऱ्या की चौथ्या रजेला आईनं मला अडवलं. "किती म्हनलीस?"

"सेहेचाळीस."

तिनं पान पुन्हा धरलं, बोटानं भोकं मोजली. "पंचेचाळीस हायत. तुजं यंत्र चुकलं."

यंत्र चुकलं नव्हतं. त्या चौकटीखाली एक लहानशी जागा असते. तिथं विचारलेलं असतं, शेवटचा दिवस धरायचा का? मी तिथं बरोबरची खूण करून ठेवली होती. त्यात विचार करण्यासारखं काय होतं? संध्याकाळच्या गाडीपर्यंत आबा घरातच असायचे. पण आईनं निघायच्या दिवशी कधीच भोक पाडलं नव्हतं. अठ्ठावन्न वेळा आबा निघाले, आणि अठ्ठावन्न तारखा धडधाकट होत्या.

"ती खून काढ," आई म्हणाली. "निघायचा दिवस धरायचा न्हाई."

आता आबा उठून आले. "का गं? त्या दिवशी मी काय भूत हुतो व्हय घरात?"

"भूत बरं. भूत बोलतं तरी."

"आगं, पर मी हुतो की!"

"कुठं हुता?" आईचा आवाज चढला नाही, पण तिनं हातातलं पान खाली ठेवलं. "सकाळी उठल्यापास्नं ट्रंक. बिजागरी बशिव, हौद भर, लाकडं फोड, पोरांची नखं काप. मी चा घिऊन आले तर हां. जेवायला वाडलं तर हूं. माज्याकडं बघायचं न्हाई. माज्या हिशोबी तुमी आदल्या रात्रीच गेल्याला आसायचा."

नखं. मला ते आठवलं. निघायच्या दिवशी आबा मला आणि वीरधवलला ओट्यावर बसवून वीसच्या वीस नखं कापायचे, पायाच्या करंगळीचं सगळ्यात शेवटी. वर्षातून दोन-तीनदाच कुणी माझा पाय असा मांडीवर घ्यायचं. माझ्यासाठी तो सगळ्यात चांगला दिवस असायचा. म्हणूनच मी न विचारता ती खूण केली होती. पण दिवस माझे मोजायचे नव्हते.

आबांनी खाली ठेवलेलं पान उचललं. मग म्हणाले, "बोललो आस्तो तर जाता आलं नसतं."

आईनं मान वर केली.

"नखं कापताना हात मोकळं ऱ्हात न्हाईत," आबा म्हणाले. "म्हनून काम काढायचो. तुज्याकडं बघितलं आन तू नुसतं 'जाऊ नगा' म्हनली आस्तीस, तर मी पलटन सोडून पळून आलो आस्तो. पर तू तरी कवा म्हनलीस?"

"म्हनायचं नसतं," आई म्हणाली. "पैल्या खेपेला तुमी निघाला तवा आत्याबाईंनी मला मागल्या खोलीत नेऊन सांगितलं. शिपाई निगाला की बायकुनं आडवायचं न्हाई, मागनं हाक मारायची न्हाई. वंगाळ हुतं. तुमाला काय झालं आस्तं तर सगळ्यांनी माज्याच नावानं बोटं मोडली आस्ती."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी आजी हरणाबाई. तिला जाऊन एकवीस वर्षं झाली होती, पण तिचा हुकूम अजून पाळला जात होता. मी ती खूण काढली. पहिल्या रजेपासून पुन्हा सगळं मोजलं, या वेळी निघायचा दिवस सोडून.

तीन वाजता बेरीज झाली. रजांचे दिवस, ब्याण्णव सालानंतर झाशीला क्वार्टर मिळालं होतं ती पावणेदोन वर्षं, आणि निवृत्त होऊन घरी आले त्या दोन फेब्रुवारी दोन हजार दहापासून कालपर्यंतचे दिवस. सगळे मिळून आठ हजार चार. पंचवीस वर्षं व्हायला नऊ हजार एकशे एकतीस लागतात. मी दुसरी चौकट उघडली, आजच्या तारखेत उरलेले दिवस मिळवले.

"बावीस एप्रिल दोन हजार एकोणतीस," मी म्हणाले. "त्या दिवशी तुमची पंचवीस पूर्ण होतील."

"तवा करा म्हनावं वीरूला कारेक्रम," आई म्हणाली. मग तिनं कॅलेंडरं गोळा करायला घेतली. गोळा करता करता, भाजीत मीठ आहे का असं विचारावं तशा आवाजात तिनं विचारलं, "आन ह्ये आज गेलं तर?"

इतक्या वेळात हा प्रश्न मला सुचला नव्हता. लोणंदची खोली, सुट्टी, गाडी, अकरा तास बसणं, सगळं मी मोजलं होतं. हे मोजलं नव्हतं. आणि आता मोजायला चौकटही लागणार नव्हती. महिन्याला चार, छत्तीस महिने.

"तीन वर्षांत एकशे चव्वेचाळीस दिवस," मी म्हणाले. "मग पंचवीस व्हायला एकतीस सालचा नोव्हेंबर उजाडेल."

"म्हंजे पैल्यासारखंच की," आई म्हणाली.

सवयीनं माणूस काय काय करतो! चार वाजले तसे ते उठले आणि बूट चढवून बसले. गाडीच्या आधी तास-दीड तास तयार असायचं, ही फौजेची शिस्त. गुडघ्यामुळं वाकवत नव्हतं, तरी नाड्या त्यांनी स्वतःच बांधल्या. त्यांना स्टेशनवर सोडायला मी माझ्या गाडीची किल्ली हातात घेऊन उभी. मला म्हणायचं होतं, आबा, राहू द्या, माझं चुकलं. पण शब्द मीच टाकला होता, आणि त्यांचा तो फोनवरचा तरणाताठा आवाज माझ्या कानात होता.

आई भिंतीपाशी गेली. यंदाचं कॅलेंडर तिथं लटकत होतं. दहा सालानंतर तिनं भोकं पाडणं सोडून दिलं होतं, कारण आता माणूस रोजच घरात होतं. तिनं मंगळसूत्राला अडकवलेली पिन काढली आणि मार्चच्या पानावर, बावीस आकड्याच्या कोपऱ्यात टेकवली. दाबली मात्र नाही.

"आज कंचा दिवस धरू?" तिनं भिंतीकडं तोंड ठेवूनच विचारलं.

आबा बसल्या जागी ताठ झाले.

"आत्याबाई आता न्हाईत," आई म्हणाली. "तुमी बी फौजंत न्हाई. तवा आता म्हनलं तर चालतंय." आणि ती वळली. "आवं, जाऊ नगा."

माझी आई आयुष्यात कुणापुढं रडलेली मला माहीत नाही. तेव्हाही रडली नाही.

"गंज चढलाय म्हनता तर दोगं मिळून हिंडू की," ती म्हणाली. "मला बी चढलाय. झाशीचं क्वाटर हाय का पडलं, त्ये बघायला चला. पर एकटं जाऊ नगा."

आबांनी तिच्याकडं बघितलं. चांगलं टक लावून बघितलं, आणि त्या वेळी त्यांच्या हातात नेलकटर नव्हतं, हातोडी नव्हती, काही नव्हतं. मग ते खाली वाकले. गुडघा दुखला असणार, कारण तोंडातून 'आई गं' निघालं. त्यांनी एका बुटाची नाडी सोडली. मग दुसऱ्याची. बूट काढून भिंतीशी जोडीनं लावले, मोजे आत खोचले.

"संयू," ते म्हणाले, "त्या कारखान्याच्या सायबाला फोन लाव. मी बोलतो. तुला तोंडघशी पाडलं बग."

"पाडा आबा, खुशाल पाडा," मी म्हणाले, आणि रडायचं काम शेवटी मीच केलं.

फोनवर आबा साहेबांशी हिंदीत बोलले, 'घरेलू कारण' म्हणाले, दोनदा 'सॉरी सर' म्हणाले. ते बोलत असताना आईनं पिन दाबली. एवढासा आवाज झाला. मग ती राहिलेली जेवणं वाढायला आत गेली.

आम्ही जेवायला बसलो, तेव्हा लांबून गाडीची शिटी ऐकू आली. आबांनी घास हातात ठेवूनच घड्याळ बघितलं. "सात मिन्टं लेट," म्हणाले. मग तो घास खाल्ला आणि हळूच म्हणाले, "आन ती अठ्ठावन्न?"

"काय अठ्ठावन्न?"

"निघायचं दिवस. ते धरनार का न्हाई?"

आईनं त्यांच्या ताटात आमटी वाढली. "बघू," म्हणाली. "एकेक करून दीन."

मी डाव्या हातानं मोबाईल उघडला. चौकट तशीच होती, शेवटची तारीख बावीस मार्च, आणि खाली तो प्रश्न. मी बरोबरची खूण केली. एकूण आठ हजार पाच.